ग्रेस हॉपर : यंत्रांना शब्द पाळायला लावणारी विदुषी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने एका गणितज्ञ बाईचे, आणि तेही अमेरिकेच्या आरमारात रिअर अॅडमिरल झालेल्या बाईचे चरित्र लिहायला का घ्यावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. माझ्यापाशी याची दोन कारणे आहेत. ज्या काळी संगणक ही केवळ गणितज्ञांची आणि शास्त्रज्ञांची मिरास समजली जात होती, त्या काळी हिशेबनिसाला आणि कारकुनालाही यंत्राला हुकूम देता आला पाहिजे असा आग्रह ग्रेस हॉपर यांनी धरला. आपल्या शाखेवर त्यांचे हे ऋण आहे. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण असे की, यंदा बी. कॉम.च्या अभ्यासाबरोबर मी संध्याकाळच्या वर्गात जावा ही संगणकाची भाषा शिकत आहे. तिच्यात 'इंटरफेस' नावाचे एक प्रकरण आहे. त्या प्रकरणाचे मर्म मला पाठ्यपुस्तकापेक्षा हॉपरबाईंच्या चरित्रातून अधिक उमगले. म्हणून आधी इंटरफेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगते आणि मग त्यांच्या आयुष्याकडे वळते.

आपण चेक लिहितो तेव्हा तारीख, घेणाऱ्याचे नाव, अक्षरी व आकडी रक्कम आणि सही एवढेच भरतो. बँकेत तो पुढे कोणाच्या टेबलावर जातो, त्याची नोंद कशी होते, याची चौकशी आपण करीत नाही. एके काळी ही नोंद जाडजूड खतावण्यांत हाताने होत असे, आता ती संगणकावर होते; परंतु आपली चेक लिहिण्याची रीत काही बदललेली नाही. मागणी कोणत्या नमुन्यात करायची आणि बदल्यात काय मिळायचे, एवढेच ठरलेले असते. जावामध्ये अशा ठरावाला इंटरफेस म्हणतात.

समजा, दुकानाच्या बिलाचा प्रोग्रॅम लिहायचा आहे. गिऱ्हाईक पैसे रोख देईल, चेकने देईल किंवा मोबाइलवरून देईल. आपण 'भरणा' नावाचा एक इंटरफेस लिहितो. त्यात एवढेच असते की रक्कम दिली म्हणजे पावतीचा क्रमांक मिळेल. पैसे कसे घ्यायचे याबद्दल त्यात एक अक्षरही नसते. मग रोख, चेक आणि मोबाइल असे तीन क्लास 'भरणा'चा ठराव आपण पाळू असे जाहीर करतात आणि ते काम आपापल्या रीतीने करतात. बिलाचा प्रोग्रॅम 'भरणा'ला तेवढा ओळखतो, मागे कोण उभा आहे हे त्याला ठाऊक नसते. उद्या पैसे देण्याचा चौथा प्रकार निघाला तर चौथा क्लास लिहावा लागतो, पण बिलाच्या मूळ हिशेबाला हात लावावा लागत नाही.

हा सगळा व्यवहार तीन गोष्टींवर उभा असतो. मागणीचा नमुना पक्का ठरलेला हवा, आतला कारभार ठाऊक नसतानाही काम व्हायला हवे, आणि दिलेला शब्द पाळला जातो की नाही याची तपासणी व्हायला हवी. हॉपरबाईंनी इंटरफेस शोधून काढला असे माझे म्हणणे नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट यांची कल्पना १९६०च्या दशकात नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार यांच्या सिम्युला भाषेतून पुढे आली, आणि जावा तर १९९५ साली लोकांसमोर आली. परंतु वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींसाठी हॉपरबाईंनी आयुष्याची चाळीस वर्षे खर्च केली, हे निश्चित.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडील विम्याच्या व्यवसायात होते. सात वर्षांची असताना या मुलीने घरातील गजराचे घड्याळ आत कसे चालते हे पाहण्यासाठी उघडले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरे उघडले, मग तिसरे, आणि अशी सात घड्याळे सुटी झाल्यावर आईच्या ते लक्षात आले. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढ्यावर आईने ते प्रकरण मिटवले. पुढे ज्या बाईंनी आतले यंत्र न पाहता काम करता यावे म्हणून खटपट केली, त्यांना स्वतःला आत काय आहे ते पाहिल्यावाचून चैन पडत नसे, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

व्हॅसार कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत लॅटिनमध्ये गुण कमी पडले, त्यामुळे त्यांना एक वर्ष थांबावे लागले. नंतर १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एम. ए. झाल्या आणि १९३४ मध्ये तेथेच गणितात डॉक्टरेट मिळवली. १९३० सालीच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १९४५ मध्ये घटस्फोट झाला, तरी हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत लावले. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवू लागल्या. तेथेच निवृत्त झाल्या असत्या तर एक चांगल्या प्राध्यापिका म्हणून त्यांच्या विद्यार्थिनींनी त्यांची आठवण काढली असती, एवढेच.

पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. हॉपरबाईंनी आरमारात जायचे ठरवले. वय सदतिशीकडे झुकलेले आणि वजन नियमापेक्षा सुमारे पंधरा पौंड कमी, त्यामुळे अडचणी आल्या. खास परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या आरमाराच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात लेफ्टनंट म्हणून हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाल्या. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क १ हे प्रचंड गणनयंत्र चालू होते. त्याची लांबी ५१ फूट, उंची ८ फूट आणि वजन सुमारे ५ टन होते. कागदी फितीला भोके पाडून त्याला हुकूम द्यावे लागत, आणि सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग होता. या यंत्राचे ५६१ पानांचे माहितीपुस्तक तयार करण्याचे काम हॉपरबाईंकडे आले. ते १९४६ साली प्रसिद्ध झाले.

येथेच त्यांच्या पुढील कामाचे बीज पडले. काही आकडेमोड वारंवार करावी लागे, उदाहरणार्थ एखाद्या कोनाची साइन काढणे. अशा आकडेमोडीचे हुकूम एकदा नीट जमले की ते वहीत लिहून ठेवत आणि गरज पडेल तेव्हा सहकाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत. परंतु उतरवताना आकडा चुके, आणि नव्या ठिकाणी बसवण्यासाठी पत्ते बदलताना बेरीज चुके. माणूस नक्कल करण्यात आणि बेरीज करण्यात कच्चा असतो, आणि यंत्र या दोन्ही कामांत पक्के असते. मग ही कामे यंत्रानेच का करू नयेत, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

संगणकातील दोषाला 'बग' हे नाव हॉपरबाईंनी दिले, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट मात्र खरी नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क २ या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला गेला, हे खरे आहे. पण यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची चाल एडिसनच्या काळापासूनची आहे. हॉपरबाईंनी ती हकिगत रंगवून सांगितली आणि जगभर पोहोचवली, इतकेच.

१९४९ साली हॉपरबाई फिलाडेल्फिया येथील एकर्ट आणि मॉचली यांच्या कंपनीत गेल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक बांधत होती. १९५० मध्ये रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली, आणि १९५१ मध्ये पहिला युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळाला. या यंत्रासाठी हॉपरबाईंनी १९५२ च्या सुमारास ए-० नावाची योजना तयार केली. वह्यांतील ते तुकडे आता चुंबकीय फितीवर ठेवले आणि प्रत्येक तुकड्याला ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे एक क्रमांक दिला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने क्रमांक सांगायचा आणि कोणत्या आकड्यांवर काम करायचे ते सांगायचे. बाकी शोधणे, उतरवणे, जुळवणे हे यंत्राने करायचे. त्यांनी या योजनेला कंपायलर, म्हणजे संकलन करणारा, असे नाव दिले. आज कंपायलर या शब्दाचा अर्थ बराच विस्तारला आहे, पण नाव तेच राहिले.

या योजनेचे मर्म क्रमांकात नसून शिस्तीत होते. आकडे कोठून घ्यायचे आणि उत्तर कोठे ठेवायचे, हे प्रत्येक तुकड्यासाठी ठरलेले असले तरच यंत्राला ते तुकडे एकमेकांना जोडता येतात. आमच्या जावाच्या वर्गात मेथडचे नाव, तिला द्यायच्या गोष्टी आणि तिच्याकडून मिळणारे उत्तर यांची जी ओळ आधी लिहायला शिकवतात, तिचेच हे पूर्वरूप म्हणता येईल. परंतु त्या वेळी अनेकांना हे पटले नाही. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा तयार करील, असे लोक म्हणत. कंपायलर चालू स्थितीत असतानाही त्याला हात लावायला कोणी तयार नव्हते.

पुढची पायरी आपल्या शाखेच्या जिव्हाळ्याची आहे. गणितज्ञांना चिन्हे आवडतात, पण पगारपत्रक आणि मालसाठा सांभाळणाऱ्या माणसांना ती नकोशी वाटतात, हे हॉपरबाईंनी ओळखले होते. या माणसांना यंत्राशी साध्या इंग्रजी शब्दांत बोलू द्यावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटा प्रोग्रॅम दाखवला. त्यात हुकूम इंग्रजीत होते. मग तोच प्रोग्रॅम त्यांनी फ्रेंच शब्दांत दाखवला आणि नंतर जर्मन शब्दांत. शब्द बदलले तरी त्यांच्यामागे चालणारे काम तेच असते, एवढेच त्यांना दाखवायचे होते. यंत्राला इंग्रजी काय, फ्रेंच काय, दोन्ही सारखीच परकी. पण झाले उलटेच. अमेरिकेत बांधलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन समजते ही कल्पनाच वरिष्ठांना पचेना, आणि यापुढे प्रयोग इंग्रजीतच होतील असे आश्वासन हॉपरबाईंना द्यावे लागले.

ज्या नियतकालिकाचे अर्धे अंग मराठी आणि अर्धे कन्नड आहे, त्याच्या वाचकांना या वरिष्ठांचे हसू आल्यावाचून राहणार नाही. आपल्याकडे रविवार पेठेतील एखाद्या दुकानात जमा-नावे मराठीत लिहिलेले असते, तर शेजारच्या दुकानात कन्नडमध्ये. दोघांची आपसातील देवघेव वर्षअखेरीस जुळते, कारण जमा कशाला म्हणायचे आणि नावे कशाला, याबद्दल दोघांत वाद नसतो. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला जी गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही, ती एका मोठ्या कंपनीच्या चालकांना प्रयोग करून दाखवूनही पटली नाही.

तरीही इंग्रजी शब्दांची ती भाषा तयार झाली. फ्लो-मॅटिक हे तिचे नाव. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती युनिव्हॅकच्या ग्राहकांच्या हाती आली. मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रासाठी वेगळी भाषा करू लागली. यंत्र बदलले की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे, म्हणजे ग्राहक त्या कंपनीचा कायमचा बांधील. यावर उपाय म्हणून बरोझ कंपनीतील मेरी हॉज यांच्या पुढाकाराने एप्रिल १९५९ मध्ये एक छोटी बैठक झाली, आणि मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने पेंटॅगॉनमध्ये मोठी सभा भरली. व्यापारासाठी एकच सामाईक भाषा करायचे ठरले. तीच कोबोल. तिची प्रत्यक्ष रचना जीन सॅमेट आदींच्या समितीने केली. हॉपरबाई सल्लागार होत्या, आणि भाषेचा सांगाडा पुष्कळसा फ्लो-मॅटिकवरून घेतला होता. म्हणून त्यांना कोबोलची आई म्हणण्यापेक्षा आजी म्हणणे अधिक बरोबर होईल.

कोबोलच्या प्रोग्रॅमचे चार भाग असतात. पहिल्यात प्रोग्रॅमची ओळख, दुसऱ्यात तो ज्या यंत्रावर चालायचा त्याची माहिती, तिसऱ्यात आकडे व नावे यांची मांडणी आणि चौथ्यात प्रत्यक्ष काम. यंत्रायंत्रांतील फरक शक्यतो दुसऱ्या भागात कोंडून ठेवायचा, म्हणजे बाकीचे भाग दुसऱ्या यंत्रावर नेता येतील, असा त्यामागचा हेतू. ६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी याची परीक्षा झाली. जवळजवळ तोच कोबोल प्रोग्रॅम आर. सी. ए. कंपनीच्या यंत्रावर आणि रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅकवर, अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या, आतून पूर्णपणे निराळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. रोख आणि चेक हे दोन्ही क्लास एकाच 'भरणा'च्या मागे उभे राहतात, तसाच हा प्रकार होता.

१९६६ च्या अखेरीस साठ वर्षांच्या हॉपरबाईंना आरमाराच्या राखीव दलातून निवृत्त करण्यात आले. पण ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावणे आले. ते सहा महिने एकोणीस वर्षे टिकले! बोलावण्याचे कारण असे : आरमारातील निरनिराळ्या यंत्रांवर सगळेच आपापल्या भाषेला कोबोल म्हणत होते, परंतु एकाचे कोबोल दुसऱ्याला चालत नव्हते. ठराव कागदावर होता, तो पाळला जात नव्हता. १९६८ मध्ये कोबोलचे पहिले अमेरिकन राष्ट्रीय प्रमाण ठरले, आणि हॉपरबाईंच्या हाताखालील तुकडीने तपासणीचे प्रोग्रॅम तयार केले. कंपनीने आपला कंपायलर आणायचा, हे प्रोग्रॅम त्यावर चालवायचे, आणि अपेक्षित उत्तर आले की नाही ते पाहायचे. पुढे सरकारी खरेदीसाठी अशी तपासणी आवश्यक ठरली, तेव्हा कंपन्यांना प्रमाणाची आठवण राहू लागली.

मला त्यांच्या साऱ्या कामात हा भाग सर्वात मोलाचा वाटतो. जावाचा कंपायलर इंटरफेसची तपासणी करतो खरा, पण ती वरवरची. 'भरणा' पाळणाऱ्या क्लासात ठरलेल्या नावाची मेथड आहे काय, ती रक्कम घेते काय आणि क्रमांक देते काय, एवढेच तो पाहतो. पैसे न घेताच पावती फाडणारा क्लास लिहिला तर कंपायलर मुकाट्याने मान डोलावतो. नमुना जुळणे आणि शब्द पाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी कोणीतरी जाणीवपूर्वक परीक्षा घ्यावी लागते.

ठरावाचा एक धोकाही सांगितला पाहिजे. एकदा अनेकांनी तो स्वीकारला की बदलणे कठीण जाते. जुन्या यंत्रांत जागा कमी, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिण्याची रीत पडली होती, आणि कोबोलमधील असंख्य प्रोग्रॅम तसेच चालत राहिले. १ जानेवारी २००० जवळ आली तेव्हा ते दुरुस्त करण्यासाठी जगभर धावपळ झाली, आणि त्या कामावर भारतातील अनेक संगणक कंपन्या उभ्या राहिल्या. जावातही प्रसिद्ध झालेल्या इंटरफेसमध्ये नवी मेथड घातली की तो पाळणारे सारे क्लास अडून बसत. त्यावर २०१४ साली, जावाच्या आठव्या आवृत्तीत, इंटरफेसमध्येच मेथडचे ठरीव काम लिहून ठेवण्याची सोय झाली.

पूर्वीपासून असेच करतो, हे कारण हॉपरबाईंना मुळीच खपत नसे. त्यांच्या कार्यालयातील घड्याळाचे काटे उलटे फिरत. ते पाहून लोक गोंधळत आणि दोनचार दिवसांत त्यावरून वेळही बरोबर सांगू लागत. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जात. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे त्या श्रोत्यांच्या हातात ठेवूनच समजावीत.

१९७३ मध्ये त्या कॅप्टन झाल्या, १९८३ मध्ये कमोडोर, आणि १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर अॅडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांना निरोप देण्यात आला. त्या वेळी त्या ७९ वर्षांच्या होत्या. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. अमेरिकेच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे, २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले, आणि २०१७ मध्ये येल विद्यापीठातील एका कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले.

मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलामुलींना संगणकाची भाषा म्हणजे इंग्रजीहून इंग्रजी, आणि ती विज्ञान शाखेच्या हुशार मुलांसाठीच, असे उगाच वाटत असते. हॉपरबाईंचे चरित्र वाचल्यावर ही भीती ओसरते. शब्द कोणत्या भाषेतले आहेत याला महत्त्व नाही. ठराव स्पष्ट हवा आणि तो पाळला गेला पाहिजे. शिवाय त्यांच्या कामाचा तिसरा टप्पा तर आपल्या ओळखीचाच आहे. ताळेबंद कायद्याने ठरवलेल्या नमुन्यात बरोबर बसला, दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या, म्हणून तो खरा ठरत नाही. त्यातील शिल्लक खरोखर तिजोरीत आहे काय आणि माल खरोखर गोदामात आहे काय, हे कोणीतरी जाऊन पाहावे लागते. त्यालाच आपण लेखापरीक्षण म्हणतो, आणि येत्या वर्षी तोच आमचा विषय आहे.